अंथरुणावरच्या वडीलधाऱ्यांची घरी काळजी: कुटुंबीयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षाघात, खुब्याचं हाड मोडणं, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश किंवा नुसतं वाढलेलं वय. कारण कुठलंही असो, डिस्चार्ज कार्डावर औषधं लिहिलेली असतात. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, घास कसा भरवायचा, हे लिहिलेलं नसतं. ही कामं मायेने आपोआप येत नाहीत, शिकावी लागतात, आणि नीट शिकली तर जखमा, न्यूमोनिया, पडणं असे बरेचसे त्रास टळतात. घरातल्या ज्या व्यक्तीवर हे काम येतं, आणि बहुतेक घरांत ती सून, मुलगी किंवा स्वतः साठी-सत्तरीची पत्नी असते, तिच्यासाठी ही प्रश्नोत्तरं.

रुग्णालयातून घरी आणण्याआधी काय करून घ्यायचं?

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सिस्टरकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून प्रत्येक काम आधी बघून घ्या आणि मग त्यांच्यासमोर स्वतःच्या हातांनी एकदा करून दाखवा. नुसतं बघून घेतलेलं घरी गेल्यावर आठवत नाही. कूस बदलणं, खाटेवरून खुर्चीवर घेणं, डायपर बदलणं, नळी किंवा लघवीची पिशवी असेल तर तिची निगा, आणि इन्सुलिन असेल तर ते देणं, एवढं तरी हाताखालून गेलं पाहिजे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्या. कुठली औषधं किती दिवस? जुन्यापैकी कुठली बंद? पाणी किती द्यायचं? (हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाण्यावर मर्यादा असते.) पाण्याचा घोट तोंडाने द्यायचा की नाही? काय झालं तर लगेच परत आणायचं, आणि रात्री कुणाला फोन करायचा?

घरात कोणत्या वस्तू लागतात? सगळं विकत घ्यावं का?

नाही. वर-खाली होणारी खाट, व्हीलचेअर, ऑक्सिजन मशीन, सक्शन मशीन या वस्तू जवळपास प्रत्येक शहरात भाड्याने मिळतात, आणि अनेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ किंवा सेवाभावी संस्था त्या अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात. आधी महिनाभर भाड्याने घ्या. गरज झपाट्याने बदलते आणि मग विकत घेतलेली वस्तू गच्चीत पडून राहते.

विकत घ्यायच्या त्या रोजच्या वस्तू: चार-पाच घट्ट उशा, आडवी घालायला सुती चादरी, डायपर, पातळ हातमोजे, डिजिटल थर्मामीटर, दंडाला बांधायचं बीपी मशीन, मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर, चाकं नसलेली किंवा चाकांना ब्रेक असलेली कमोड खुर्ची, आणि हाक मारायला एक बेल. बेल जो हात चालतो त्या हाताशी ठेवा.

खाटेची उंची काळजी घेणाऱ्याच्या कमरेएवढी हवी. जुन्या लाकडी पलंगाखाली चारही पायांना पक्के ठोकळे लावून घेतले तर भागतं, पण रुग्ण स्वतः उठून बसणारा असेल तर उंच पलंग धोक्याचा. त्याचे पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

कूस किती वेळाने बदलायची?

ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची साधारण दर दोन तासांनी, आणि खुर्चीवर बसवलं असेल तर दर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासाने थोडं उचलून किंवा पुढे-मागे झुकवून. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो. काही तासांत आतली पेशी मरायला लागते, आणि वर दिसतो तो फक्त लाल डाग. म्हणूनच शय्याव्रण (बेडसोर, एकाच जागी दाब राहून होणारी जखम) आतून बाहेर येतो. वर रुपयाएवढी जखम दिसते तेव्हा आत पोकळी त्याहून मोठी असू शकते.

वळवताना पूर्ण कुशीवर आडवं करू नका. तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन शरीर साधारण ३० अंश तिरकं ठेवा: उजवीकडे, उताणं, डावीकडे, असा क्रम. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटरीखाली लांबट उशी अशी द्या की टाच हवेत राहील. टाचेखाली उशी देऊन उपयोग नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू आणि कानाची पाळी या जागा रोज अंग पुसताना उजेडात बघा.

जेवणाची वेळ सोडून डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर ठेवली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं हाड सरकतं, त्यामुळे माकडहाडावरची कातडी आतून फाटते. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी चादर घाला, दोघांनी दोन बाजूंनी ती गुंडाळून धरा आणि उचलून सरकवा.

लाल डाग दिसला. काय करायचं?

बोटाने तीन सेकंद दाबा आणि सोडा. दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्तपुरवठा अजून चालू आहे. पांढरी पडलीच नाही तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जांभळट-काळपट छटा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागणं ही खूण. त्या क्षणापासून त्या जागेवर भार द्यायचाच नाही. फक्त एवढं एक-दोन दिवस काटेकोरपणे केलं तरी बहुतेक वेळा डाग जातो.

घरोघरी चुकतं ते इथे. लाल जागेवर तेल चोळून मालीश करतात, त्याने दुखावलेली पेशी आणखी फाटते. मधे भोक असलेली गोल उशी देतात, ती कडेकडेने दाब देऊन मधला रक्तपुरवठा अधिकच तोडते. स्पिरिट लावतात, पावडर थापतात, जखमेत हळद भरतात, ती वाळावी म्हणून दिव्याखाली धरतात. जखम भरायला ओलसर राहावी लागते. स्वच्छ सलाइनने धुऊन डॉक्टरांनी सांगितलेली पट्टी लावावी. काळी खपली स्वतः कापू किंवा ओढू नका. घाण वास, पू, ताप, किंवा तळाशी हाड दिसणं म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर.

पोटात प्रथिनं नसतील तर कितीही मलमपट्टी केली तरी जखम भरत नाही. दूध, दही, पनीर, अंडं, मुगाचं वरण, चालत असेल तर मासे रोजच्या जेवणात हवेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

एअर बेड घेतला आहे. आता कूस बदलायला नको ना?

बदलायचीच. एअर बेडने अंतर थोडं वाढवता येतं, काम संपत नाही. तो नेहमीच्या गादीवर अंथरायचा, आणि त्यावर एकच पातळ सुती चादर. त्यावर मेणकापड, गोधडी, दुहेरी डायपर असे थर चढवले तर हवा भरलेल्या नळ्यांचा उपयोगच राहत नाही. हवा पुरेशी आहे का हे बघायला तळहात वर करून एअर बेडच्या खाली, बैठकीच्या जागी सरकवा. शरीर हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. साधारण दोन-अडीच सेंटिमीटरचं अंतर जाणवायला हवं. वीज गेली की पंप थांबतो आणि बेड हळूहळू बसतो. भारनियमनाच्या गावात तेवढा वेळ कूस जास्त वेळा बदला किंवा पंप इन्व्हर्टरवर घ्या. जवळ सेफ्टी पिन, विळी आणि देवघरातली उदबत्ती येऊ देऊ नका.

खाटेवरून खुर्चीवर घेताना माझीच कंबर जाते. योग्य पद्धत कोणती?

खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, खाटेला तिरकी लावा. ब्रेक लावा, खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. हे विसरल्याने होणारे अपघात फार आहेत. रुग्णाला कडेला बसवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, कारण खूप वेळ झोपलेला माणूस एकदम उठला की रक्तदाब खाली येतो आणि चक्कर येते. पाय जमिनीवर सपाट, पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट. नुसते मोजे नकोत, घसरतात.

त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधा. तुम्ही समोर, पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ ताठ. तुमच्या गुडघ्याने त्याच्या कमजोर गुडघ्याला आधार. त्याला पुढे झुकायला सांगा, ‘एक, दोन, तीन’ म्हणा आणि पट्ट्याला धरून उभं करा. मग कंबर न पिळता पावलं टाकत वळा आणि खुर्चीची कड मांड्यांना लागल्यावरच बसवा. तुमच्या मानेला मिठी मारू देऊ नका. लुळ्या बाजूचा हात धरून कधीच ओढू नका. खांदा निखळतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं.

रुग्ण स्वतः काहीच भार घेत नसेल तर हे एकट्याने करायचं काम नाही. दुसरं माणूस येईपर्यंत खाटेवरच थांबा.

घास भरवताना ठसका लागतो. भरवायचं की थांबवायचं?

ठसका म्हणजे अन्न श्वासनलिकेकडे जात असल्याची सूचना. आधी थांबवा. पूर्ण ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून तोंडात पाणी ओतणं ही सर्वांत धोक्याची सवय. अर्धा चमचा घास, चमचा खालच्या बाजूने तोंडाकडे न्या, घशाची हालचाल होऊन घास गिळला गेल्याचं दिसल्यावरच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा. पेंगणाऱ्या माणसाला भरवू नका, औषधाची वेळ झाली असली तरीही.

पाणी सर्वांत अवघड, कारण ते घशातून झपकन जातं. घट्ट ताक, दाटसर पेज, नाचणीचं सत्त्व, शिरा, गुरगुट्या भात सोपा जातो. चुरमुरे, कोरडे पोहे, शेंगदाणे, बिस्किटाचा चुरा आणि पातळ आमटीत तरंगणारा भात नको. घन आणि पातळ एकाच घासात आलं की गोंधळ होतो. पक्षाघातानंतर कमजोर बाजूच्या गालात घास अडकून राहतो, तो जेवण झाल्यावर बोटाला ओलं कापड गुंडाळून काढा. दिवसातून दोनदा दात, जीभ, कवळी स्वच्छ करा. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात. नुसत्या तोंडाच्या स्वच्छतेनेही न्यूमोनियाचा धोका कमी होतो.

काही जणांना ठसका लागतच नाही आणि तरी अन्न आत जातं. घोट घेतल्यावर आवाज ओला, गुरगुरता होणं, जेवणानंतर श्वास जोरात चालणं, वारंवार ताप येणं या खुणा दिसल्या तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला दाखवा.

नाकातल्या नळीतून (रायल्स ट्यूब) कसं भरवायचं?

डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, भरवताना आणि नंतर तासभर. नाकपुडीजवळ नळीवर पेनाने केलेली खूण जागेवर आहे का, आणि तोंड उघडून आत नळीचं वेटोळं झालेलं नाही ना, हे दर वेळी बघा. खूण बाहेर सरकलेली असेल तर नळी आत ढकलू नका, काहीही देऊ नका, सिस्टरला बोलवा. चुकून फुप्फुसात गेलेल्या नळीतून एक कप दूध दिलं तरी जीवावर बेततं.

आधी ३० मिलिलिटर पाणी. मग कोमट, बारीक वस्त्रगाळ केलेलं अन्न, एका वेळी साधारण २०० ते २५० मिलिलिटर, किंवा आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं प्रमाण. पिचकारीचा दट्ट्या काढून टाका, नळकांडं पोटापासून वीतभर वर धरा आणि अन्न आपल्या वजनाने पंधरा-वीस मिनिटांत उतरू द्या. दट्ट्याने जोरात ढकललं की उलटी होते. शेवटी पुन्हा ३० मिलिलिटर पाणी. गोळ्या एकेक वेगळी कुटून, पाण्यात पूर्ण विरघळवून, अन्नात न मिसळता द्या. खोकला, निळसरपणा, पोट फुगणं दिसलं तर तत्काळ थांबा.

नळी तुंबली तर कोमट पाण्याने हळू आत-बाहेर करून बघा. तार घालू नका. तुंबण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: न गाळलेलं अन्न आणि शेवटचं पाणी विसरणं.

लघवीच्या पिशवीची निगा कशी ठेवायची?

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली टांगलेली, पण जमिनीला न टेकलेली. रुग्णाला उचलताना ती पोटावर ठेवतात आणि आतली लघवी उलटी जाते. त्यातून जंतुसंसर्ग होतो. दोन-तृतीयांश भरली की किंवा दर आठ तासांनी रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा, माप वहीत लिहा. रोज साबण-पाण्याने नळीची सुरुवातीची जागा धुवा, पुढून मागे. पावडर, अँटिसेप्टिक क्रीम लागत नाही. नळी मांडीला चिकटवून ठेवा, ओढली जाऊ नये म्हणून. सिलिकॉनची नळी जास्तीत जास्त बारा आठवड्यांपर्यंत चालते, लेटेक्सची त्याहून बरीच लवकर बदलावी लागते. घातल्याची तारीख पिशवीवर लिहा.

लघवी येईनाशी झाली तर आधी नळी मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का ते बघा. चार तासांत थेंबही नाही किंवा ओटीपोट फुगलं तर लगेच दाखवा. नळी स्वतः ओढून काढायची नाही, आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो आणि त्याने मूत्रमार्ग फाटतो.

बरेच दिवस नळी असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. फक्त अहवालात जंतू आले म्हणून प्रतिजैविक सुरू करायचा आग्रह धरू नका. ताप, थंडी वाजणं, कमरेत दुखणं, अचानक बरळणं यांपैकी काही असेल तर मात्र थांबू नका.

चार दिवस शौच नाही आणि आता पातळ गळतंय. जुलाबाचं औषध द्यायचं का?

थांबा. आत खडे अडकलेले असतील तर त्यांच्या कडेने फक्त पाणी झिरपतं आणि ते जुलाबासारखं दिसतं. जुलाब थांबवणारी गोळी दिली तर कोंडी वाढते. डॉक्टर किंवा सिस्टर बोटाने तपासून सांगतील. इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय दिलं तर स्वतःच अडकतं, म्हणून कमी पाणी पिणाऱ्या अंथरुणावरच्या माणसाला ते बहुधा योग्य नाही. रोज ठरलेल्या वेळी, चहा-नाश्त्यानंतर, शक्य असेल तर कमोड खुर्चीवर बसवणं याने सर्वांत जास्त फरक पडतो.

कालपर्यंत ठीक होत्या, आज अचानक बरळताहेत. हा स्मृतिभ्रंश आहे का?

बहुधा नाही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू येतो. तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झालेला, दिवसात कमी-जास्त होणारा गोंधळ हा तीव्र भ्रम असतो. त्याच्या मागे काहीतरी कारण असतं आणि बऱ्याचदा ते बरं करता येतं: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं, रक्तातलं सोडियम कमी होणं, साखर वर-खाली होणं, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, किंवा नवीन सुरू केलेली झोपेची, सर्दीची अथवा लघवी रोखणारी गोळी. म्हातारपणात जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही, पहिली खूण गोंधळच असू शकते. आणि उलट प्रकारही असतो: एरवी बोलणारी व्यक्ती गप्प, पेंगुळलेली, जेवायला नको म्हणणारी. ‘आज शांत आहेत’ म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि दोन दिवस वाया जातात.

त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा: कधी सुरू झालं, ताप, साखर, लघवी-शौच, गेल्या दोन आठवड्यांत बदललेली औषधं. तोवर खोलीत उजेड, चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं, ओळखीचं एकच माणूस जवळ. हातपाय बांधू नका आणि स्वतःच्या मनाने झोपेची गोळी देऊ नका.

आईंना स्मृतिभ्रंश आहे. एकच प्रश्न शंभरदा विचारतात, संध्याकाळी ‘घरी जायचंय’ म्हणतात. काय उत्तर द्यावं?

‘हेच तर घर आहे’ असं पटवायला गेलं की वाद वाढतो. त्यांना हवं असतं ते सुरक्षित वाटणं, पत्ता नव्हे. ‘जाऊया, आधी चहा घेऊ’ म्हणून दुसरीकडे वळवा, घराबद्दल बोलू द्या: अंगण कसं होतं, विहीर होती का. प्रश्नाला दर वेळी तेच थोडक्यात उत्तर, त्याच स्वरात. ‘आत्ताच तर सांगितलं’ हे वाक्य आणि ‘मला ओळखलंत का?’ ही परीक्षा, दोन्ही घरातून हद्दपार करा. आपणहून नाव सांगा: ‘आई, मी सुनीता, तुमची सून.’

दिवेलागणीच्या आधी, पाचलाच, दिवे लावा. दुपारची झोप कमी करा. हाताला काम द्या: मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, वाती वळणं. नीट झालं की नाही ते बघायचं नाही. दागिने, पैसे चोरल्याचा आळ तुमच्यावर आला तर तो आजार बोलतोय. बाजू मांडू नका, सोबत शोधायला लागा. लपवण्याच्या जागा ठरलेल्या असतात: उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा.

घराबाहेर निघून जाण्याचा धोका असेल तर कडी नजरेच्या वर किंवा खाली लावा, खिशात फोन नंबरचं कार्ड ठेवा, मोबाइलमध्ये ताजा फोटो ठेवा, सोसायटीच्या वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगून ठेवा. गॅस सिलिंडर वापर झाला की बंद. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासूनची संस्था कुटुंबांना मार्गदर्शन करते. पार्किन्सन्स असेल तर पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतच काम करतं.

औषधांचा गोंधळ कसा टाळायचा?

तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या आणि एकच औषध दोन वेगळ्या नावांनी, हे फार घरांत घडतं. एका कागदावर औषधाचं रासायनिक नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कुणी दिलं हे लिहा, प्रत्येक डॉक्टरला दाखवा आणि विचारा: यातलं काय बंद करता येईल? गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल तर ती कुटू नका, चोवीस तासांचं औषध एकदम अंगात जातं. चुकलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही. कंबरदुखीसाठी शेजाऱ्यांनी दिलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडवू शकते.

पडले तर लगेच उचलावं का?

नाही. आधी विचारा, कुठे दुखतंय. जांघेत दुखत असेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. हलवू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर वरून काही दिसलं नाही तरी रुग्णालयात न्या.

‘या वयात कशाला ऑपरेशन’ हे वाक्य इथे महागात पडतं. खुब्याचं हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेचा एक मोठा हेतू माणसाला लवकर बसतं करणं हा असतो, आणि ती शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी. तसंच पडून राहिलं तर न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्या येतात. निर्णय वयाकडे बघून नव्हे, भूलतज्ज्ञाच्या तपासणीनंतर घ्या.

न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा, टॉवेलचा दांडा भार घेत नाही. बसून अंघोळ, रात्रभर छोटा दिवा, बाहेरून उघडणारी कडी.

तातडीने काय ओळखता यावं?

तोंड वाकडं, एक हात गळालेला, बोलणं अडखळतं: पक्षाघात. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून शेवटचे ठीक कधी होते ती वेळ लिहा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट न्या. तोंडाने पाणी किंवा गोळी नको.

मधुमेहात घाम, थरथर, गोंधळ: साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८.

मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून माणूस घेताना काय बघावं?

मदतनीस आणि प्रशिक्षित नर्स वेगळ्या. इंजेक्शन, नळी घालणं, खोल जखमेची पट्टी ही नर्सची कामं. चोवीस तासांची बाई ठेवली तरी ती माणूस आहे, तिला सलग झोप लागते. रुग्ण रात्रभर जागा असेल तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्याच लागतील, नाहीतर पहाटे कूस बदलली जाणार नाही. पगार, साप्ताहिक सुट्टी, जेवण, कामांची यादी लेखी ठरवा. आधारची प्रत आणि पोलीस पडताळणी करून घ्या. पहिले दोन दिवस सोबत राहून तुमच्या पद्धतीने काम दाखवा. वहीत वेळ, कूस, लघवी, जेवण, शौच लिहायला सांगा. आणि अंगावर नवीन ओरखडा किंवा निळा डाग दिसला तर विचारा, दबू नका.

मलाच आता झोप नाही, चिडचिड होते, कधी हात उगारावासा वाटतो.

हे वाईट माणसाला होत नाही, थकलेल्या माणसाला होतं. त्या क्षणी रुग्णाच्या खाटेचे कठडे वर करा, खोलीबाहेर जा, पाच मिनिटं थांबा. ती पाच मिनिटं घेणं हा निष्काळजीपणा नाही. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या कुणाकडे द्या. अखंड झोप हे तुमचं औषध आहे आणि त्यावर कुणाशी वाद घालायची गरज नाही. आपली बीपी-साखरेची तपासणी पुढे ढकलू नका. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

भावंडं पुण्या-मुंबईला, परदेशात आहेत. ती फक्त सूचना देतात.

लांबून करता येणारी कामं खूप आहेत आणि ती नावानिशी वाटून द्या: औषधं ऑनलाइन मागवणं, विम्याचे कागद, वीजबिलं, ब्युरोचा पगार, आईशी रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. सुट्टीला येतील तेव्हा पाहुण्यासारखं नको. दोन आठवडे सगळं काम त्यांनी घ्यावं आणि रोज करणारी व्यक्ती बाहेरगावी जावी. डॉक्टरांशी बोलणारं माणूस एकच असावं, आणि रोजच्या दिनक्रमाबद्दल अखेरचा शब्द जो प्रत्यक्ष करतो त्याचा.

आता उपचार थांबवायची वेळ आली आहे, असं कधी समजावं?

हा निर्णय एकट्याने घेऊ नका. पुन्हा पुन्हा दाखल होऊनही दर वेळी शक्ती कमी होत असेल तर उपशामक उपचारांबद्दल, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरबद्दल, विचारा. त्यात वेदना, धाप, अस्वस्थता यांवर उपचार चालू राहतात. ‘काहीच करायचं नाही’ असा त्याचा अर्थ नाही. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कर्करुग्णांसाठी हे काम विनामूल्य करतं. घरीच निरोप द्यायचा ठरला असेल तर मृत्यूचा दाखला देतील अशा, रुग्णाला आधीपासून बघणाऱ्या डॉक्टरांशी वेळेत बोलून ठेवा. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत करायची असते.

पैसे, पेन्शन आणि सह्यांचं काय?

सही करता येत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अंगठा, आणि तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा बँक स्वीकारते. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच बँकिंगची सोय मागता येते. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाणमधून देता येतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतो.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं: वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत दाखल होऊन केलेले उपचार. घरचा मदतनीस, डायपर, रोजची औषधं त्यात येत नाहीत, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा.

मुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. देणाऱ्याची समज कायमची गेली की साधं मुखत्यारपत्र चालत नाही, मग पालकत्वासाठी न्यायालयात जावं लागतं आणि तोवर खातं अडकतं. स्मृतिभ्रंशाचं निदान अगदी सुरुवातीचं असतानाच संयुक्त खातं, वारसनोंद आणि मृत्युपत्र उरकून घ्या, आणि मृत्युपत्राच्या दिवशीचा डॉक्टरांचा समज शाबूत असल्याचा दाखला त्याच फाइलला जोडा.